अस्सल नेतृत्वाची तयारी स्वतःपासून: काय करायचं, किती करायचं, कुठे चुकतं

सोमवारची मीटिंग. टीम लीडर म्हणतो, "मोकळेपणाने बोला. कुणाला काही अडचण दिसत असेल तर आत्ताच सांगा." टीममधली एक जण सांगते, "सर, ३० तारीख जमेल असं वाटत नाही. नुसत्या टेस्टिंगलाच दोन आठवडे जातील." टीम लीडरच्या कपाळावर आठी पडते. आवाज चढत नाही, पण शब्द असे येतात: "सुरुवातीलाच नकारघंटा नको. आधी प्रयत्न तर करू." मीटिंग पुढे सरकते. बाकीचे सहा जण तोवर वहीत डोकं घालून बसलेले असतात. अडचण सांगायची ती गळ्याशी आल्यावरच, हा या टीमचा अलिखित नियम त्या दिवसापासून सुरू होतो.

हा टीम लीडर ढोंगी नाही. आपण मोकळ्या मनाचे आहोत असं त्याला मनापासून वाटतं. आठी मात्र त्याला सोडून सगळ्यांना दिसली. स्वतःबद्दलची आपली समजूत एक आणि समोरच्याला येणारा अनुभव दुसरा, यातल्या अंतराविषयी हा लेख आहे. हे अंतर कमी करत नेणं म्हणजे अस्सल नेतृत्व, आणि त्यासाठी स्वतःवर जे काम करावं लागतं तो त्याचा पाया. हे काम दिसायला बारीकसारीक आहे, पण ते टाळून वर कितीही इमारत चढवली तरी ती टिकत नाही.

कल्पना काय आहे

'ऑथेंटिक लीडरशिप', म्हणजेच अस्सल नेतृत्व, हा शब्द या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. २००१ मध्ये एन्रॉन आणि २००२ मध्ये वर्ल्डकॉम या बड्या अमेरिकी कंपन्या हिशेबातल्या लबाडीपायी कोसळल्या. वरून चकाचक दिसणारं नेतृत्व आतून पोकळ असू शकतं, हे त्यातून जगाला दिसलं. मेडट्रॉनिक ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी दहा वर्षं चालवलेल्या बिल जॉर्ज यांनी २००३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि चर्चेला जोर आला. २००८ मध्ये नेतृत्वाचे अभ्यासक फ्रेड वालुम्ब्वा, ब्रूस अव्होलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यात अस्सल नेतृत्वाचे चार भाग मानले आहेत.

पहिला भाग आत्मभान: आपली ताकद, आपल्या मर्यादा आणि आपल्या वागण्याचा इतरांवर होणारा परिणाम ठाऊक असणं. दुसरा, आतून ठरलेली नैतिक दिशा: दबाव आला तरी आपल्या मूल्यांना धरून निर्णय घेणं. तिसरा, संतुलित विचार: आपल्या मताविरुद्धची माहितीही तितक्याच गांभीर्याने तपासणं. चौथा, नात्यातला पारदर्शकपणा: मनात एक आणि ओठावर दुसरं असं न ठेवणं.

बहुतेक जण सुरुवात चौथ्यापासून करतात, कारण तो सोपा वाटतो. मनात येईल ते बोललं की झालो आपण पारदर्शक! पण आत्मभान नसताना केलेला पारदर्शकपणा म्हणजे बऱ्याचदा आपला राग, भीती किंवा कंटाळा दुसऱ्याच्या डोक्यावर ओतणं असतं. आमच्या मते क्रम उलटा हवा: आधी आत्मभान, मग मूल्यं, मग विरोधी मत ऐकण्याची सवय आणि शेवटी मोकळं बोलणं.

"मी असाच आहे, फटकळ आहे, पण मनाने साफ आहे" हे वाक्य अस्सलपणाच्या नावाखाली सर्रास खपवलं जातं. त्यात स्वभाव आणि सवय यांची गल्लत आहे. फटकळपणे बोलणं ही सवय आहे, खरं बोलणं हे मूल्य आहे. सवय बदलली म्हणून मूल्य हातचं जात नाही. नेतृत्वाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये हाच पेच मांडला होता: जुन्या भूमिकेतलं आपलं रूप हेच आपलं खरं रूप मानून जे त्याला चिकटून बसतात, ते नव्या जबाबदारीत अडकतात. नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत परकी वाटते, आणि त्या परकेपणालाच माणूस खोटेपणा समजून बसतो.

आत्मभान: नुसतं आत डोकावून का भागत नाही

मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये एक साधी चौकट मांडली. तिला दोघांच्या नावांवरून 'जोहारी विंडो' म्हणतात. तिचे चार कप्पे: मला आणि इतरांनाही माहीत असलेलं, फक्त मला माहीत असलेलं, फक्त इतरांना माहीत असलेलं आणि कुणालाच माहीत नसलेलं. सोमवारच्या मीटिंगमधली ती आठी तिसऱ्या कप्प्यातली. तासभर डोळे मिटून बसलं तरी ती सापडणार नाही, कारण ती आपल्या डोक्यात नसून इतरांच्या नजरेत आहे.

संघटन-मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक यांनी हजारो लोकांवर केलेल्या अभ्यासात सुमारे ९५ टक्के लोकांना आपल्याला चांगलं आत्मभान आहे असं वाटत होतं. त्यांच्या निकषांवर उतरणारे फक्त १० ते १५ टक्के निघाले. त्यांचं दुसरं निरीक्षण रोजच्या वापराचं आहे. स्वतःला 'का?' विचारण्यापेक्षा 'काय?' विचारणं जास्त कामाचं ठरतं. "मी का चिडलो?" असं विचारलं की मन झटपट एक पटणारी गोष्ट रचून देतं: झोप कमी झाली, समोरचा हटवादी आहे, वरून दबाव आहे. ती गोष्ट खरी असेलच असं नाही. "मी चिडलो तेव्हा नेमकं काय चाललं होतं, मी काय केलं, आता काय करता येईल?" असं विचारलं की हाती काहीतरी लागतं.

म्हणून पहिलं साधन एक वही. आठवड्यातून तीन नोंदी, प्रत्येकीला दहा मिनिटं. रोजचा नेम करायला जाऊ नका, तो बहुधा दहाव्या दिवशी मोडतो. नोंदीला चार ओळी पुरतात: प्रसंग काय होता, अंगात काय जाणवलं, मी काय केलं किंवा बोललो, समोर काय घडलं. उदाहरणार्थ:

"मंगळवार, ११ ची मीटिंग. तारखेबद्दल शंका निघाली. जबडा आवळला, मान गरम झाली. वाक्य पुरं व्हायच्या आत मी बोललो. ती गप्प झाली, नंतर कुणीच काही बोललं नाही."

यात निष्कर्ष नाही, स्वतःला दिलेला ओरडा नाही, सबबही नाही. हे महत्त्वाचं आहे. सहा आठवड्यांच्या अठरा नोंदी एका बैठकीत वाचल्या की ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतात: विशिष्ट माणूस, विशिष्ट वेळ, विशिष्ट शब्द. जबडा आवळणं ही जर दरवेळची पहिली खूण असेल, तर पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी एक क्षण हाताशी येतो. तो क्षण फार मोलाचा आहे.

याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरं काम करा. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी ही पद्धत आग्रहाने सांगितली होती: मोठा निर्णय घेताना त्यातून काय व्हावं अशी अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचं आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. माणसं निवडण्यात आपला अंदाज बरोबर येतो की कामाला लागणारा वेळ ठरवण्यात, हे यातून लख्ख दिसतं. न लिहिता हे जमत नाही. निकाल कळल्यावर "मला आधीच वाटलं होतं" असं मनाला प्रामाणिकपणे वाटू लागतं आणि मूळचा अंदाज काय होता तेच आठवत नाही.

मूल्यं तपासायची ती कॅलेंडरवर

मूल्यांची यादी करायला सांगितली की सगळ्यांची यादी सारखीच येते: प्रामाणिकपणा, आदर, गुणवत्ता. अशी यादी निर्णयाच्या वेळी कामाला येत नाही. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये सांगितलेला फरक इथे समजून घ्यायला हवा. माणूस सांगतो ती तत्त्वं वेगळी आणि त्याच्या वागण्यातून दिसतात ती तत्त्वं वेगळी, आणि यातली तफावत सहसा त्या माणसालाच ठाऊक नसते.

त्यामुळे उलट्या बाजूने जा. गेल्या दोन वर्षांतले असे तीन निर्णय आठवा, ज्यात तुम्ही काहीतरी सोडून दिलंत: पैसा, वेळ, कुणाची मर्जी, बढतीची संधी. ते कशासाठी सोडलंत, हे प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा. मग असेच तीन निर्णय लिहा, ज्यांची आजही टोचणी लागते. पहिल्या तिन्हींतून तुम्ही खरोखर जपलेली मूल्यं दिसतात. दुसऱ्या तिन्हींतून दिसतं की कुठल्या मूल्याची तुम्हाला कदर आहे, पण दबावाखाली ते हातून सुटतं. दोन्ही मिळून तीन मूल्यं ठेवा. तीनाहून जास्त ठेवली तर घाईच्या वेळी एकही आठवत नाही.

आता मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर उघडा. "माझ्यासाठी माणसं आधी" असं लिहिलं असेल, तर टीममधल्या प्रत्येकाशी ठरलेली स्वतंत्र बैठक किती वेळा झाली आणि किती वेळा "जरा अर्जंट आलंय" म्हणून पुढे गेली ते मोजा. चारपैकी तीन पुढे गेल्या असतील, तर टीमला तुमचं मूल्य वेगळंच समजलेलं आहे. अशा वेळी मन खट्टू होतं, पण त्याचा उपयोग असा की बदल कुठे करायचा ते नेमकं कळतं. पुढच्या दोन आठवड्यांत एक बैठक कुठल्याही कारणाने हलवायची नाही, इतकंच ठरवा.

प्रत्येक मूल्याला एक "हे मी करणार नाही" जोडा. 'प्रामाणिकपणा' हा शब्द मोघम आहे. "ग्राहकाला जी तारीख सांगेन तीच टीमला सांगेन, दोन वेगळ्या तारखा ठेवणार नाही" हे पाळलं की मोडलं, ते कुणालाही तपासता येतं.

इतरांना विचारायचं कसं

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. "माझ्यात काही सुधारणा सुचवा" असा प्रश्न हाताखालच्या माणसाला केला की उत्तर येतं, "नाही सर, सगळं छान आहे." त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न मोघम आहे, आणि खरं उत्तर देण्यात जोखीम सगळी त्याचीच आहे.

पाच-सहा जण निवडा: एक-दोन वरिष्ठ, दोन बरोबरीचे, दोन तुमच्या हाताखालचे. तुमच्याशी ज्याचं फारसं पटत नाही असा किमान एक त्यात असू द्या. प्रश्न एकाच वागण्याबद्दल आणि अलीकडच्या प्रसंगाबद्दल हवा: "कालच्या मीटिंगमध्ये माझ्या कुठल्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे तुम्हाला पुढे बोलणं अवघड गेलं?" "अवघड गेलं का?" असं विचारू नका, त्याला "नाही" म्हणून सुटता येतं. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात. अवघडून आपणच "म्हणजे तसं काही नसेलही" असं बोलून समोरच्याला मोकळं करून टाकतो, आणि संधी जाते.

उत्तर येईल तेव्हा ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि "सांगितलंत ते बरं केलंत" म्हणून थांबा. खुलासा नको. "त्याचं काय झालं होतं ना..." हे वाक्य सुरू झालं की समोरच्याला कळतं की हे ऐकून घ्यायला नाही, पटवून द्यायला बसलेत. मग आठ-दहा दिवसांत परत जा आणि सांगा, "तुम्ही जे बोललात त्यातली ही एक गोष्ट मी बदलायला घेतली आहे, पुढच्या मीटिंगमध्ये लक्ष ठेवा." हा शेवटचा टप्पा हमखास राहतो. तो राहिला तर विचारलंच नसतं तर बरं, अशी गत होते, कारण सांगून काही होत नाही हे आता सिद्ध झालेलं असतं.

फीडबॅक नेहमी चांगलाच, हाही एक गैरसमज आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःवर गेलं, "मी कसा आहे, माझी किंमत काय" इकडे वळलं, की नुकसान होतं असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणून देताना आणि घेतानाही तीन गोष्टींवरच राहायचं: प्रसंग, वर्तन, परिणाम. "तुम्ही हेकट आहात" यातून काही करता येत नाही. "काल बजेटच्या चर्चेत तुम्ही मला दोनदा मध्येच तोडलंत, त्यामुळे माझा तिसरा मुद्दा राहून गेला" यावर उद्यापासून काम सुरू करता येतं.

एका वेळी एकच सवय

वही, मूल्यं आणि इतरांची उत्तरं समोर ठेवली की सुधारण्यासारख्या दहा गोष्टी दिसतात. त्यातली एकच घ्या. निवडताना कसोटी ही: दुसऱ्याला डोळ्यांनी पाहता येईल असं वर्तन आहे का? "जास्त सहनशील होईन" हे दिसत नाही. "समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत बोलणार नाही" हे दिसतं.

मग ते 'जर-तर'च्या साच्यात बसवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार नुसत्या संकल्पापेक्षा "अमुक घडलं, तर मी तमुक करेन" असं आधी बांधून ठेवलेलं वर्तन प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते. इथे ते असं होईल: "माझ्या मताविरुद्ध कुणी बोललं, तर मी आधी त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगेन आणि 'बरोबर समजलो का?' असं विचारेन." ऐन वेळी विचार करावा लागत नाही, खूण दिसली की कृती सुरू होते.

किती दिवस? २१ दिवसांत सवय लागते ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, आणि फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. ती साधी, रोज ठरलेल्या वेळची कामं होती, जसं जेवणासोबत फळ खाणं. विरोध होताना शांत राहणं त्याहून अवघड आहे आणि त्याची वेळही ठरलेली नसते. म्हणून तीन महिने धरून चाला.

विरोधी मताला जागा आणि किती मोकळं बोलायचं

संतुलित विचार हा स्वभावावर सोडायचा भाग नाही, त्याला मीटिंगची रचनाच मदत करते. सगळ्यात वरिष्ठ माणसाने शेवटी बोलायचं, हा नियम पहिला. निर्णयाआधी दोन मिनिटं सगळ्यांनी आपलं मत कागदावर लिहायचं, हा दुसरा. मोठ्या कामाआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्री-मॉर्टेम' पद्धत वापरता येते: "सहा महिने गेलेत आणि हे काम पार फसलं आहे" असं गृहीत धरून प्रत्येकाने काही मिनिटं फसण्याची कारणं लिहायची, मग एकेकाने वाचून दाखवायची. फसल्याचं आधीच धरलेलं असल्यामुळे शंका काढणारा नकारघंटा वाजवणारा ठरत नाही.

मोकळेपणाची मर्यादा मात्र ठरवावी लागते. कंपनीत उलथापालथ चालू असताना "मलाही काही कळत नाहीये, झोप उडालीये माझी" हे खरं असलं तरी ते बायकोला, नवऱ्याला किंवा मित्राला सांगायचं. टीमला हवे असतात तीन तुकडे: मला हे ठाऊक आहे, हे अजून ठाऊक नाही, आणि शुक्रवारी चार वाजता मी पुन्हा सांगेन, नवीन काही नसलं तरी. तिसरा तुकडा पाळला तरच पहिल्या दोघांवर विश्वास बसतो. जे सांगायला परवानगी नाही, तिथे "याबद्दल मला बोलता येणार नाही" असं सरळ म्हणा. "काही नाही हो, सगळं ठीक आहे" ही थाप पुढे महागात पडते.

कुठे घसरतं

काही जण स्वतःवरचं काम कोर्स, वर्कशॉप आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांत संपवतात. चाचणीने दिलेलं लेबल मग ढाल बनतं: "मी इंट्रोव्हर्ट आहे, मला लोकांशी बोलायला जमत नाही." काही जण आपली मूल्यं इतरांना झोडपायची काठी करतात. संस्थेची रचना हीसुद्धा खरी अडचण आहे. वाईट बातमी आणणाऱ्याचं मूल्यमापन जिथे खाली जातं, तिथे एका मॅनेजरच्या मोकळेपणाला मर्यादा पडतात, आणि ते टीमला प्रामाणिकपणे सांगितलेलंच बरं.

आणि प्रगती मोजायची कशी? कौतुकावरून मोजू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमकडून जास्त चुका नोंदवल्या जात आहेत असं दिसलं. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, असं त्यांचं अनुमान होतं. त्याच धर्तीवर वहीत एक तक्ता आखा. टीममध्ये कुठलीही अडचण निघाली की दोन तारखा लिहा: ती सुरू झाली केव्हा आणि तुमच्या कानावर आली केव्हा. मधले दिवस मोजा. तीन महिन्यांनी याच पाच-सहा जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि तक्ताही पाहा. सुरुवातीला सोळा दिवस लागत होते आणि आता चार लागत असतील, तर आठी गेली आहे. आकडा जागचा हलला नसेल, तर सवय चुकीची निवडली आहे. वही उघडा आणि दुसरी घ्या.